तलकाडच्या वाळूत अक्काशी कोण बोललं?

आधीच सांगून टाकते, मी या सदराची वाचक नाही. माझी भाची वाचते, आणि तिनेच मागे लागून हे लिहायला लावलं. भूतखेत, भानामती, अंगात येणं... आमच्या घरात असल्या गोष्टींना कुणी दारातसुद्धा उभं केलं नाही. मी सव्वीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कुठली बाटली कुणाची, हे चुकू न देणं हेच माझं मुख्य काम. लेबल बघितल्याशिवाय मी घरात साखरेच्या डब्यातसुद्धा चमचा घालत नाही. तेव्हा पुढचं वाचून 'बाईंचा काहीतरी घोळ झाला असेल' असं वाटलं तर मी रागावणार नाही. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

आम्ही बंगळूरचे. आमचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं असं म्हणतात, त्यामुळे आमची कानडी मिसळलेली मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. हसू देत. आम्ही दोघी बहिणी. अक्का — विमल — माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, लग्न होऊन हुबळीला गेली. मी लग्न केलं नाही. आई आणि मी, चामराजपेटेतल्या दोन खोल्या आणि पुढची गॅलरी, असा आमचा संसार.

सात वर्षांपूर्वी आई गेली. हॉस्पिटलमध्ये चार दिवस होती. चौथ्या दिवशी सकाळी मी अक्काला फोन करून म्हटलं, "डॉक्टर म्हणतात घाई नाही. उद्या-परवा निघालीस तरी चालेल." त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आई गेली. अक्का दुसऱ्या दिवशी पोचली ती सरळ स्मशानातच. सकाळच्या गाडीत बसली असती तर दुपारी आईजवळ असती.

तिने मला एक शब्द विचारला नाही. तेराव्याला आईची अंगठी — साधी सोन्याची, मधे लाल खडा — कपाटातून काढली, स्वतःच्या बोटात घातली आणि हुबळीला निघून गेली. पुढे भावजी वारले, आणि अक्का मुलीकडे, दीपाकडे, महादेवपुऱ्याला राहायला आली. म्हणजे एकाच शहरात आलो आम्ही. तरी भेटणं फक्त कार्याच्या निमित्ताने. "कशी आहेस?" "बरी आहे." "बीपीची गोळी घेतेस ना?" "घेते." सहा वर्षं एवढंच.

दीपाला हे बघवत नव्हतं. तिचा नवरा निखिल पुण्याचा, दोघंही आयटीत. निखिलला दर महिन्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं ठिकाण शोधायचा नाद. गेल्या जानेवारीत त्याने ठरवलं — सोमनाथपूरचं देऊळ, तिथून तलकाड, आणि परत येताना शिवनसमुद्रचा धबधबा. दीपाने मला फोन केला. "मावशी, तू येतेयस. आईला मी सांगितलंय की तू येतेयस. आता नाही म्हणू नकोस."

रविवारी सकाळी सात वाजता गाडी माझ्या दारात. अक्का मागच्या सीटवर, खिडकीशी. मी दुसऱ्या खिडकीशी बसले. मधल्या जागेत अक्काने तिची भलीमोठी पिशवी ठेवलेली, चपात्या, चित्रान्न, पाण्याच्या बाटल्या. ती पिशवी डिकीत मावली असती. पण तिथेच राहिली. मद्दूरला वडे खाल्ले, सोमनाथपूर बघितलं, फोटो काढले. फोटोत दीपा आमच्या दोघींच्या मधे.

तलकाडला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कावेरीच्या काठी वाळूचे मोठाले डोंगर आहेत आणि त्या वाळूखाली जुनी देवळं. काही उकरून काढली आहेत, ती खड्ड्यात असल्यासारखी दिसतात, पायऱ्या उतरून जावं लागतं. कुठल्या राणीच्या शापाने गाव वाळूत गेलं अशी गोष्ट गाईड सांगतात. एका देवळाकडून दुसऱ्याकडे जायला वाळूतून वाट आहे, उन्हासाठी वरून छप्पर घातलेलं. ती वाट गोल फिरून परत पहिल्या मोठ्या देवळाशी येते. चपला तिथेच बाहेर ठेवायच्या आणि अनवाणी चालायचं.

पाताळेश्वराच्या देवळापर्यंत मी गेले. पण वाळूत पाय रुततात, आणि माझा उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला एक कट्टा होता, झाडाची सावली होती. मी दीपाला म्हटलं, "मी बसते इथे. तुम्ही या जाऊन. मी आल्या वाटेने परत जाते आणि चपलांपाशी थांबते." दीपाने हात हलवला. ते तिघं पुढे गेले. अक्का सगळ्यात मागे, पदर डोक्यावर घेऊन. तिने वळून बघितलं नाही.

आता नीट सांगते, कारण इथेच सगळे मला प्रश्न विचारतात. मला झोप लागली नाही. चक्कर आली नाही. शेजारी एक बाई काकड्या चिरून तिखटमीठ लावून विकत होती, तिच्याकडून एक घेतली. बारा चाळीसला लॅबमधल्या वसंताचा फोन आला. रविवारची ड्यूटी तिची होती, आणि मशीन चुकीचे आकडे देत होतं. अकरा मिनिटं मी तिला काय तपासायचं ते सांगत होते. तो कॉल माझ्या फोनमध्ये अजून आहे. नंतर नुसती बसले. वाऱ्याची थंड झुळूक नाही, कसला वास नाही, अंगावर काटा नाही. मी जिथे होते तिथे काहीही घडलं नाही. एक वाजायच्या सुमाराला उठले, आल्या वाटेने परत गेले आणि चपलांच्या स्टॉलपाशी उभी राहिले.

दहा मिनिटांनी ते तिघं दुसऱ्या बाजूने आले. दीपा मला बघून थबकली.

"मावशी! तू कधी पुढे आलीस? मागे होतीस ना आईबरोबर?"

"मी इथेच. तिथून सरळ इकडेच आले."

"हो का..." म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. तिला ते महत्त्वाचं वाटलंच नाही.

मग अक्का आली. डोळे लाल, नाक लाल. रडली होती हे कुणालाही कळलं असतं. मला वाटलं, देवळात आईची आठवण आली असेल. ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. चपला घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. गाडीत बसताना पिशवी स्वतःच उचलून निखिलला दिली — "डिकीत टाक रे स्वल्प" — आणि मधल्या जागेत, माझ्याशेजारी बसली. पंधरा मिनिटांत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

मी हललेसुद्धा नाही. काय झालंय ते मला कळत नव्हतं, पण विचारून ते मोडायचं नव्हतं. दीपा आरशातून माझ्याकडे बघून हसत होती.

शिवनसमुद्रला धबधब्याच्या कठड्यापाशी आम्ही दोघीच होतो. पाणी फार नव्हतं. अक्का म्हणाली, "तुला सैल होईल ती. दोरा गुंडाळून घे, नाहीतर सोनाराकडून कमी करून घे."

"काय सैल होईल?"

"अंगठी गं."

मी तिच्या हाताकडे बघितलं. तिच्या बोटात आईची अंगठी नव्हती. तिथे फक्त एक पांढरट वळ होता.

"कुठली अंगठी, अक्का?"

ती हसली. "सरी, बरं, नाटक पुरे. पर्समध्ये ठेवलीस ना नीट? आणि हे बघ रेखा, आता तो विषय परत काढायचा नाही. तू बोललीस, मी ऐकलं. मला पोचलं. जाऊ दे आता."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, मी काही बोलले नाही म्हणून. मी म्हटलं, "हं."

का म्हटलं? कारण ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी बघायची तशी.

जेवताना, चित्रान्न वाढून घेत मी निखिलला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी कधी गाठलं रे तुम्हाला तिथे?"

"तुम्ही? थोड्या वेळाने लगेचच आलात की. पुढच्या देवळाच्या अलीकडे मी तुम्हाला बाटली दिली, पाणी प्यायलात. मग तुम्ही आणि आई मागे बोलत राहिलात, तर दीपा म्हणाली आपण पुढे होऊ." तो चित्रान्नातले शेंगदाणे निवडून खात होता. त्याला माझी गंमत करायचं काही कारण नव्हतं.

"काही बोलले का मी तुझ्याशी?"

"नाही. थँक्यू म्हणालात." मग वर बघून म्हणाला, "का हो मावशी? बरं वाटत नाही का?"

घरी आल्यावर मी पर्स पलंगावर उलटी केली. अस्तर उलटं करून बघितलं. साडीच्या निऱ्या झाडल्या, वाळू पडली. अंगठी नाही.

मला आधी स्वतःचाच संशय आला. मेंदूला काही झालंय का? ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मग गुरुवारी रजा टाकली आणि कुणाला न सांगता सरकारी बसने, एक गाडी बदलून, तलकाडला गेले. ती काकडीवाली तिथेच होती. मी विचारलं, रविवारी दुपारी मी इथे बसले होते, आठवतं का?

"आठवतं की, अम्मा," ती कानडीत म्हणाली. "तुम्ही फोनवर मशीन मशीन करत होता. ऊन तुमच्या अंगावर आलं तर मीच म्हटलं, इकडे सरका."

"मी मधे उठून कुठे गेले होते का?"

"कुठे जाणार? गुडघा धरून बसला होता. उठलात त्या परतच गेलात." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काही हरवलं का?"

मी पुढे त्या वाटेने गेले, पुढच्या देवळापर्यंत, छपराखालून. वाळूत बघत. पण तिथे काय शोधायचं? रोज शेकडो माणसं चालतात. अंगठी पडली असेल तर गेली. आणि पडली नसेल तर... तो विचार मी तिथे केला नाही. बसमध्ये बसल्यावर आला.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात विचित्र होते, कारण ते सुखाचे होते. अक्का रोज संध्याकाळी फोन करायची. भाजी काय केली, शेजारच्यांचं कुत्रं कसं ओरडतं, दीपा किती उशिरा येते. शनिवारी तंबिट्टाचे लाडू घेऊन मेट्रोने यायची. मी ऐकायचे, हसायचे, आणि मनात एकच — ही कुणाशी बोलतेय? जिच्याशी समेट झाला ती मी नाही. तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. एखाद्या दिवशी अक्का त्यातलं काही बोलेल आणि मी चुकीचं उत्तर देईन, या भीतीने मी प्रत्येक वाक्य जपून बोलत होते.

पाडव्याला ती दोन दिवस राहायला आली. सकाळी गुढी झाली, मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. ती पाटावर बसून वेलदोडे सोलत होती. म्हणाली, "आज तरी घाल ना आईची अंगठी. एकदा बघू दे तुझ्या हातात."

मी वाटायची थांबले. मला आणखी खोटं सुचलं नाही असं नाही. सोनाराकडे आहे म्हणता आलं असतं. पण कंटाळा आला होता. मी हात धुतले, तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. कट्टा, काकडी, वसंताचा फोन, निखिलची बाटली, गुरुवारची बस. "अक्का, तुझ्याशी जे काही बोलणं झालं ते माझ्याशी झालेलं नाही. अंगठी माझ्याकडे नाही."

ती आधी हसली. मग माझा फोन मागून घेतला, तो कॉल बघितला, वेळ बघितली. चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे आता तू नाकारतेस," ती म्हणाली.

"नाकारत नाही गं, मी तिथे नव्हतेच!"

"अय्यो रेखा. मग मला कसं कळलं?"

"काय कळलं?"

अक्काने वेलदोड्यांची वाटी बाजूला ठेवली. खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "की डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, सगळ्यांना बोलवून घ्या म्हणून. की तू मला मुद्दाम उलटं सांगितलंस. की दुपारी आईने तीनदा विचारलं, विमल आली का? आणि तीनही वेळा तू म्हणालीस, गाडीत बसलीये, येतेय."

इथे मला थोडं थांबावं लागलं... लिहिताना.

त्या खोलीत आई होती आणि मी होते. नर्स बाहेर होती. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डायरीत लिहिलेलं नाही, देवापुढे म्हटलेलं नाही. वसंताला नाही, दीपाला नाही. झोपेत बडबडत असेन तर ऐकायलाही घरात कुणी नाही. सहा वर्षं ते फक्त माझ्यात होतं.

"खोटं आहे का हे?" अक्काने विचारलं.

मला नाही म्हणता आलं असतं. साक्षीदार कुणी नव्हतं. जिने हे सांगितलं तिचाच पत्ता नव्हता. शिवाय मी नुकतंच शपथेवर सांगितलं होतं की ती मी नव्हते. एक शब्द पुरला असता — "भास झाला तुला."

"खरं आहे," मी म्हटलं.

आणि मग मी ते स्वतः सांगितलं, माझ्या तोंडाने. वीस वर्षं आईला आंघोळ मीच घालायचे, गोळ्या मीच द्यायचे, रात्री उठून मीच बसायचे. आणि तू वर्षातून चार दिवस यायचीस तर आई 'माझी विमल आली' म्हणून उठून बसायची. माझ्याकडे बघायचीही नाही. मला तो शेवटचा दिवस एकटीला हवा होता. संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटलं होतं, रात्री तुला कळवणारच होते. मी बराच वेळ बोलत होते. पुरण सुकून गेलं.

अक्का उठून गॅलरीत गेली. मला वाटलं पिशवी भरेल आणि निघेल. ती तिथे कठड्याला धरून उभी राहिली, खाली रस्त्यावर बघत. अर्ध्या तासाने आत आली, पुरणात दुधाचा हात लावून ते सारखं केलं, आणि पोळ्या लाटायला बसली. मी भाजायला घेतल्या. आम्ही जेवलो. हात धुताना ती म्हणाली, "त्या दिवशी तू कारणं दिली नव्हतीस. नुसतं सांगितलंस."

याला आता जवळजवळ वर्ष होत आलं. ज्यांना सांगितलं त्यांनी आपापली उत्तरं दिली. वसंता म्हणते, अक्काला आतून सगळं आधीच माहीत असणार, उन्हात तिच्या मनाने रचलं. मग निखिलने पाणी कुणाला दिलं? निखिल म्हणतो, दुसरी कुणी तशाच साडीतली बाई असेल. मग तिला आईचे शब्द कसे माहीत? दीपा म्हणते, ती आजी होती. पण अक्का म्हणते, आईचा चेहरा मला कळत नाही होय? तो तुझा होता, तुझी ही भुवईवरची खूणसुद्धा होती. अंगठी मिळालेली नाही. कुठल्या हातात आहे, देवाला माहीत... बघा, हे असं लिहायची मला सवय नव्हती.

अक्का अजून रोज फोन करते. शनिवारी येते. गुडघ्याला लावायला तेल आणते, रागावते, हसते. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही दोघी अगदी ठीक आहोत. फक्त एक गोष्ट मला कुणाला विचारता येत नाही. वाळूतल्या त्या वाटेवर सगळं ऐकून झाल्यावर अक्का त्या बाईला म्हणाली होती, "मी तुला माफ केलं." हे अक्कानेच मला सांगितलं.

मला ती तसं अजून म्हणालेली नाही.